५४ पी आणि टॉवेलांचा गठ्ठा

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांचा खडखडाट सुरू झाला की थोड्याच वेळात अरुंद बोळांतून मोटरसायकली बाहेर पडू लागतात आणि त्यांच्या मागच्या सीटवर माणसाऐवजी टॉवेलांचे किंवा चादरींचे गठ्ठे दोरीने आवळलेले दिसतात. गठ्ठ्याचे वजन कारखानदाराला ठाऊक असते, नेणाऱ्यालाही ते अंदाजाने कळते. पण ज्या टायरवर ते पडते त्याची मर्यादा टायरच्या कडेवरच उमटवलेली असूनही ती क्वचितच कोणी वाचतो.

उदाहरणादाखल शंभर सीसीच्या साध्या मोटरसायकलचा मागचा टायर घेऊ. त्यावर ८०/१००-१८ एम/सी ५४ पी असे लिहिले आहे. ८० ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. १०० म्हणजे कडेची उंची त्या रुंदीच्या शंभर टक्के, म्हणजे तीही ८० मिलिमीटर. आणि १८ हा रिमचा व्यास, तो मात्र इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच नांदत असल्यावर वाचणारा गोंधळला, तर त्याला दोष देता येत नाही. एम/सी ही मोटरसायकलच्या टायरची खूण आहे. पी हे अक्षर ताशी १५० किलोमीटरची वेगमर्यादा सांगते. या गाडीला तो वेग गाठणेच शक्य नसल्याने त्याचा विचार येथेच सोडून देऊ.

उरतो तो ५४. हे किलो नव्हेत, हा भाराचा निर्देशांक आहे, आणि तक्त्यात त्याच्यासमोर २१२ किलो हा आकडा येतो. तो ऐकून चालक निर्धास्त होतो. परंतु या २१२ किलोंमध्ये गाडीच्या स्वतःच्या वजनाचा मागचा हिस्सा, चालकाच्या वजनाचा मोठा भाग आणि मागे लादलेले सर्व काही मोजावे लागते. गठ्ठा मागच्या आसाच्याही पलीकडे लोंबत असेल, तर तरफेच्या न्यायाने मागच्या टायरवर गठ्ठ्याच्या वजनापेक्षाही अधिक भार येतो आणि पुढचे चाक हलके पडते. शिवाय टायरला झेपले म्हणजे गाडीला झेपले असेही नाही, कारण गाडीची भारमर्यादा वेगळी असते.

हे २१२ किलो खरे ठरतात ते टायरमध्ये पुरेशी हवा असेल तरच. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि तेव्हा ‘उन्हाळ्यात हवा जरा कमीच ठेवा, नाहीतर टायर फुटेल’ हा सल्ला हमखास कानी पडतो. सल्ला आपुलकीचा असला, तरी उलटा आहे. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक दबतो, दबण्यातून अधिक तापतो, आणि वर ओझे असेल तर हा ताप आणखी वाढतो. किती हवा भरावी हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते आणि ती टायर थंड असतानाच मोजावी लागते. तुळजापूरहून उन्हात आल्या आल्या मोजलेली हवा जास्तच दिसणार.

टायरच्या कडेवरच्या चार आकड्यांच्या खुणेबाबतही असाच गैरसमज आढळतो. ३५२३ असे लिहिलेले असले, तर काही जण ती मुदत संपण्याची तारीख समजतात. प्रत्यक्षात तो टायर २०२३ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात, म्हणजे ऑगस्टच्या अखेरीस तयार झालेला असतो. दुकानात नवा म्हणून मिळणारा टायर किती काळ पडून होता, हे त्यावरून कळते. नव्या टायरवर दिसणारा पिवळा ठिपकाही दर्जाचा शिक्का नव्हे. तो टायरची सर्वांत हलकी जागा दाखवतो आणि बसवताना व्हॉल्व्हजवळ आणला जातो. कडेवरच्या बाणाची दिशा चाक पुढे जाताना फिरते तीच हवी, आणि घाईच्या कामात नेमकी तीच चुकते.

टायर ‘गोटा’, म्हणजे पार गुळगुळीत, झाला की बदलायचा, ही पंक्चरच्या दुकानातली भाषा. नियम त्याआधीच लागू होतो. दुचाकीच्या टायरची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर खोल असावी लागते. कडेवरच्या बारीक त्रिकोणाच्या किंवा टीडब्ल्यूआय (झीज दाखवणारी खूण) या अक्षरांच्या रेषेत खाचेत पाहिले, तर रबराचा छोटा उंचवटा दिसतो. नक्षी झिजून त्याच्या पातळीला आली की टायर संपला. सरळ रस्त्यावर चालणारी मोटरसायकल टायर मधोमध आधी झिजवते, म्हणून खूण कडेला सापडली तरी नजर मधल्या पट्ट्यावर न्यावी लागते, आणि गठ्ठा बांधलेला असताना तो पट्टा पाहायला वाकणे अवघड जाते.