कॅनडाची फाइल

(दृश्य: पुण्यातलं माझं छोटं ऑफिस, परदेशी शिक्षणाचा सल्ला देणारं. टेबलावर निळी प्लास्टिकची फाइल.)

ही फाइल संगमनेरहून आली आहे. वडील आणि मुलगी पहाटेच्या एसटीने निघाले आणि ऑफिस उघडायच्या आधी दारात उभे होते. फाइलमध्ये दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आहेत, फूड टेक्नॉलॉजीची पदवी आहे, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल आहे. सगळ्यात खाली, दोनदा घडी घातलेला, सातबारा. दोन एकरांतला एक एकर विकायचा, असं घरात ठरलंय.

ऑफर लेटरही आलेलं आहे. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातलं एक कॉलेज, एक वर्षाचा कोर्स, ‘ग्लोबल बिझनेस मॅनेजमेंट’. एजंटने ते मिळवून दिलं, एक रुपयाही न घेता. हे ऐकलं की मी थांबते. एजंट विद्यार्थ्याकडून पैसे घेत नाही तेव्हा बहुतेक वेळा कॉलेज त्याला कमिशन देतं, आणि ते याच मुलीच्या फीमधून जातं. म्हणजे जे कॉलेज कमिशन देतं, त्याचंच नाव आधी पुढे येतं.

वडिलांचा पहिला प्रश्न: “मॅडम, पीआर किती वर्षांत?”

पीआर म्हणजे तिथे कायम राहण्याची परवानगी. कोर्सबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही. पण त्यांना दोष कसा देऊ? हा प्रश्न आमच्यासारख्यांनीच त्यांच्या तोंडी घातला.

(दृश्य: जुन्या सेमिनारचे फोटो, खचाखच भरलेला हॉल.)

१३ फेब्रुवारी २०२१. कोविडमुळे सीमा बंद होत्या, आणि कॅनडा सरकारला पीआरचा वर्षाचा आकडा गाठायचा होता. मग देशातच काम करत असलेल्यांना बोलावणं गेलं. पीआरसाठी वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांचे गुण मोजतात. एरवी साडेचारशेच्या घरात लागणारे ते गुण त्या दिवशी ७५ वर आले, आणि एका फेरीत २७,३३२ जणांना पीआरसाठी अर्ज करायला सांगण्यात आलं. तो अपवाद होता. पण त्या बातमीवर गावोगाव सेमिनार भरले. मीही भरवले. डिप्लोमा करा, तीन वर्षांचं वर्क परमिट घ्या, मग पीआर, असं मी फळ्यावर बाण काढून समजावत होते. त्या वेळी ते खरं होतं, पण कायम खरं राहणार नाही, हे मी पुरेशा जोरात सांगितलं नाही.

आता तिकडे काय घडलं, ते बघू. २०१९ मध्ये ऑन्टारिओ सरकारने स्थानिक विद्यार्थ्यांची फी १० टक्क्यांनी कमी केली आणि तिथेच गोठवली. कॉलेजांनी ती तूट परदेशी विद्यार्थ्यांच्या फीमधून भरून काढली, आणि ते विद्यार्थी भरमसाट घेतले. काही सरकारी कॉलेजांनी खासगी संस्थांशी करार करून टोरंटो परिसरात वर्ग उघडले. २०२३ संपताना कॅनडात स्टडी परमिट, म्हणजे शिकण्याचा परवाना, असलेले दहा लाखांहून जास्त लोक होते, त्यांतले साधारण ४० टक्के भारतीय. त्या एका वर्षात देशाची लोकसंख्या ३.२ टक्क्यांनी वाढली. १९५७ नंतर इतकी वाढ झालेली नव्हती. घरं मात्र त्या प्रमाणात बांधली गेली नव्हती. टोरंटोजवळच्या ब्रॅम्प्टनमध्ये तळघरांत एकेका खोलीत चार-चार, पाच-पाच मुलं राहत होती. भाडं परवडेना म्हणून स्थानिक लोक चिडले, आणि त्या चिडण्यात चूक नव्हती.

मग दार ओढून घेतलं गेलं. एकदम नाही, एकेक फळी करून.

१ जानेवारी २०२४ पासून राहण्या-खाण्याचे म्हणून दाखवायचे पैसे १० हजार डॉलरवरून २०,६३५ झाले. सप्टेंबर २०२५ पासून ते २२,८९५ झाले, म्हणजे चौदा-पंधरा लाख रुपयांच्या आसपास, आणि त्यात फी धरलेली नाही. २२ जानेवारीला तेव्हाचे इमिग्रेशन मंत्री मार्क मिलर यांनी मर्यादा जाहीर केली: २०२४ साठी सुमारे ३ लाख ६० हजार स्टडी परमिट, आधीच्या वर्षापेक्षा ३५ टक्के कमी. ८ नोव्हेंबरला एसडीएस हा स्टडी परमिटचा झटपट मार्ग बंद झाला. २१ जानेवारी २०२५ पासून विद्यार्थ्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला वर्क परमिट मिळणं ठरावीक अभ्यासक्रमांपुरतं उरलं. पीआरचं वर्षाचं लक्ष्य ५ लाखांवरून २०२५ साठी ३ लाख ९५ हजारांवर आलं, २०२६ साठी ३ लाख ८० हजारांवर.

या मुलीच्या फाइलला लागू होणारा बदल मात्र वेगळाच आहे, आणि तो एजंटने सांगितलेला नाही. १ नोव्हेंबर २०२४ पासून स्टडी परमिटसाठी अर्ज करणाऱ्यांना कॉलेजच्या अशा कोर्सनंतर वर्क परमिट हवं असेल, तर विषय सरकारच्या यादीत असावा लागतो. शेती आणि अन्नप्रक्रिया त्या यादीत आहे. बिझनेस मॅनेजमेंट नाही. म्हणजे फूड टेक्नॉलॉजी शिकलेली ही मुलगी जमीन विकून जो कोर्स करायला निघाली आहे, तो संपल्यावर तिला ते वर्क परमिटच मिळणार नाही.

(दृश्य: रात्र. मोबाइलचा स्क्रीन.)

२०२२ मध्ये मी पाठवलेला एक मुलगा अधूनमधून रात्री फोन करतो. त्याच्याकडे तिथली रात्रपाळी आहे, गोदामात. वर्क परमिट संपायला काही महिने राहिलेत. पीआरसाठी नोकरीच्या ऑफरचे गुण मिळतील या आशेवर तो होता, ते २५ मार्च २०२५ ला काढून टाकले. तिथे अनुभव असलेल्यांच्या फेरीतही त्या वर्षी कटऑफ ५०० च्या खाली आला नाही, आणि तिशीनंतर वयाचे गुण दरवर्षी घटतात. तो मला बोल लावत नाही. उलट विचारतो, “मॅडम, फ्रेंच शिकू का?” शिक, म्हणते मी. फ्रेंचवाल्यांसाठी वेगळ्या फेऱ्या निघतात, तिथे गुण बरेच कमी लागतात. पण दहा तास खोकी उचलून आल्यावर नवी भाषा शिकणं सोपं नाही, हे मला कळतं.

ऑगस्ट २०२३ मध्ये भारतीयांचे स्टडी परमिटचे शंभरातले साधारण ३२ अर्ज नाकारले जात होते. ऑगस्ट २०२५ मध्ये ७४. म्हणून आता मी आधी एकच गोष्ट विचारते: पीआर मिळालीच नाही, तर ही पदवी घेऊन परत आल्यावर कर्ज फिटेल का?

मुलीला विचारलं, हा कोर्स का? उत्तर वडील द्यायला लागले. मी त्यांना थांबवलं. “तिला बोलू द्या.”

थोडा वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, “मला दुधाच्या तपासणीत काम करायचंय. भेसळ कशी सापडते, ते. कॉलेजात प्रोजेक्ट तोच केला होता.”

त्यानंतर आम्ही तासभर बसलो. फूड सायन्सची मास्टर्स, सरकारी विद्यापीठांत. ती करणाऱ्यांना स्टडी परमिटसाठी प्रांत सरकारचं संमतिपत्र २०२६ च्या जानेवारीपासून लागत नाही, आणि पुढे तीन वर्षांचं वर्क परमिट मिळू शकतं. प्रवेश मात्र अवघड आहे. प्राध्यापकांना स्वतः लिहावं लागेल, एक वर्ष थांबावं लागेल, कदाचित इथेच एखाद्या डेअरीच्या प्रयोगशाळेत काम करावं लागेल. तिने वहीत सगळं उतरवून घेतलं.

निघताना वडिलांनी फाइल उचलली. “मग मॅडम, सातबारा तुमच्याकडे ठेवू?”

“नको. घेऊन जा. घरीच ठेवा.”

(दृश्य: स्वारगेट. एसटीच्या खिडकीत मुलगी, मांडीवर उघडी वही.)