लपलेला विषाणू आणि मारक पेशी

'गोळ्या सुरू होऊन दहा वर्षं झाली, रक्तात विषाणू सापडत नाही. मग मी बरा झालो म्हणायचं का?' एचआयव्हीवर बोलायला उभं राहिलं की हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याच्या आवाजात एक आस असते. तिला अर्धवट उत्तर देऊन मोकळं होणं मला कधी जमलं नाही, म्हणून आजचं सगळं बोलणं त्या एका प्रश्नाभोवतीच ठेवतो.

1996 पासून तीन औषधं एकत्र द्यायला सुरुवात झाली आणि या आजाराचं चित्रच पालटलं. ही औषधं विषाणूला नव्या पेशींत जम बसवू देत नाहीत, त्याच्या नव्या प्रती बनू देत नाहीत. नियमित गोळ्या घेणाऱ्याच्या रक्तात विषाणू सापडेनासा होतो. लैंगिक संबंधातून त्याच्याकडून दुसऱ्याला लागणही होत नाही. ही लहान गोष्ट नाही. पण ज्या पेशीत विषाणू आधीच जाऊन बसलाय, तिला औषध हात लावत नाही. विषाणूची जनुकं त्या पेशीच्या स्वतःच्या डीएनएत टाचली गेलेली असतात. अशा बऱ्याचशा पेशी मरून जातात. मोजक्या मात्र झोपी जातात. एचआयव्ही मुख्यतः ज्यांच्यात शिरतो त्या रोगप्रतिकारक पेशी म्हणजे सीडी4; विश्रांती घेणाऱ्या सीडी4 पेशींपैकी साधारण 10 लाखांत एखादीच अशी, जिच्यातून पुन्हा जिवंत विषाणू बाहेर पडू शकतो. अशा झोपलेल्या पेशींचा हा साठा निम्मा व्हायला सुमारे 44 महिने लागतात. त्या गतीने तो नुसत्या गोळ्यांवर संपायला 60 वर्षांहून जास्त काळ लागेल. आणि गोळ्या थांबवल्या तर बहुतेकांत विषाणू दोन-तीन आठवड्यांतच परततो. म्हणजे त्या प्रश्नाचं आजचं उत्तर असं: आजार आटोक्यात आहे, बरा झालेला नाही.

बरं करायचं तर त्या पेशीच नाहीशा करायला हव्यात. हे काम करणारी पेशी आपल्या शरीरात आहे. सीडी8 म्हणतात तिला. मारक टी पेशी.

ती काम कशी करते, ते जरा जवळून बघू. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत प्रथिनांचे तुकडे होत असतात. आठ-दहा अमिनो आम्लांचे हे तुकडे एचएलए नावाच्या रेणूंवर ठेवून पेशी पृष्ठभागावर मांडते, आत काय चाललंय त्याचा नमुनाच जणू. मारक पेशी येते, चिकटते, चाचपते. सगळे तुकडे घरचेच असतील तर पुढे सरकते. त्यात विषाणूचे मोजके तुकडे असले तरी ती तिथेच थबकते. तिच्या आतल्या कणिका संपर्काच्या बाजूला गोळा होतात आणि मधल्या चिंचोळ्या फटीत रिकाम्या होतात. त्यातलं परफोरिन हे प्रथिन समोरच्या पेशीच्या आवरणाला भोकं पाडतं, ग्रँझाइम हे दुसरं प्रथिन आत शिरतं आणि त्या पेशीची स्वतःला संपवण्याची यंत्रणा चालू करतं. पेशी फुगवटे येऊन आतल्या आत कोसळते. मारक पेशी सुटी होते आणि पुढच्या पेशीकडे जाते.

एचआयव्हीसमोर हिचं खरोखर काही चालतं का? 1999 मध्ये एसआयव्ही, म्हणजे माकडांतल्या भावंड-विषाणूची लागण झालेल्या माकडांमधून सीडी8 पेशी प्रतिपिंडं देऊन काढून टाकल्या, तेव्हा विषाणू उसळला. त्या पेशी परतल्या आणि तो पुन्हा खाली आला. माणसांतही शंभरात एकाहून कमी लोक असे असतात, जे गोळ्यांविना विषाणू दाबून ठेवतात. त्यांच्यात एचएलए-बी57 आणि बी27 हे प्रकार वारंवार आढळतात. या प्रकारांवर विषाणूच्या गॅग प्रथिनाचे असे तुकडे मांडले जातात, जे बदलले तर बऱ्याचदा विषाणू स्वतःच लंगडा पडतो.

मग उरलेल्यांत का जमत नाही? पहिलं कारण उघड आहे: झोपलेली पेशी विषाणूची प्रथिनं बनवतच नाही. पृष्ठभागावर काही मांडलेलं नाही, तर मारक पेशी ओळखणार काय? यावर तोडगा निघाला तो 'जागं करा आणि मारा' असा. व्होरिनोस्टॅटसारख्या औषधाने विषाणू जागा करायचा, पुढचं काम मारक पेशींवर सोडायचं. 2012 मध्ये प्रयोगशाळेत हे करून बघितलं, तेव्हा जाग्या झालेल्या पेशी आपणहून मेल्या नाहीत. रुग्णांच्या मारक पेशींनीही त्यांना नीट मारलं नाही. त्या मारक पेशींना आधी गॅगचे तुकडे दाखवून तयार केलं, तेव्हा कुठे काम झालं. या प्रयोगाचं मला फार मोल वाटतं. पेशी तिथे असणं वेगळं आणि ती सज्ज असणं वेगळं, हे त्याने दाखवलं.

दुसरं कारण जास्त चिवट आहे. उपचार उशिरा सुरू झाले तर साठ्यातल्या 98 टक्क्यांहून अधिक विषाणूंत, मारक पेशी नेहमी ओळखतात ते तुकडे आधीच बदललेले असतात. हे 2015 मध्ये दिसून आलं. पहिल्या काही महिन्यांत मारक पेशींनी चढवलेल्या हल्ल्यातून जे सुटले, तेच साठ्यात जाऊन बसले. त्यामुळे जुन्याच ओळखीवर पोसलेल्या मारक पेशी कितीही वाढवल्या तरी त्या नेमक्या चुकीच्या जागी नेम धरतात. पण त्याच अभ्यासात असंही दिसलं की न बदललेले तुकडे ओळखणाऱ्या पेशी त्या रुग्णांत शिल्लक असतात आणि त्यांना चेतवता येतं. माझी आशा आहे ती इथे.

याशिवाय दीर्घ संसर्गात मारक पेशी थकतात, त्यांच्यावर पीडी-1 सारखे ब्रेक दाबलेले राहतात. लसिका ग्रंथींच्या ज्या कप्प्यांत प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी राहतात, तिथे त्या फारशा पोचत नाहीत, आणि साठ्यातला बराच विषाणू तिथेच असतो.

2020 मध्ये नुकतीच लागण झालेल्या 60 पुरुषांवरचा ब्रिटनमधला रिव्हर अभ्यास प्रसिद्ध झाला. गोळ्या, दोन लसी आणि व्होरिनोस्टॅट असं सगळं एकत्र देऊनही साठा नुसत्या गोळ्यांपेक्षा जास्त कमी झाला नाही. लसीने मारक पेशींचा प्रतिसाद वाढला होता, तरीही. जागं करणारं औषध पुरेसं जागं करत नसावं, असं माझं मत आहे. उलट माकडांमध्ये, सायटोमेगॅलो या दुसऱ्याच विषाणूचं लसीसाठी वाहन करून आधीच लस दिली, तेव्हा जवळपास निम्म्या माकडांनी नंतर झालेली एसआयव्हीची लागण पुसून टाकली. एकदा शिरलेला विषाणू टी पेशी हुसकावू शकतात, याचा इतका ठळक पुरावा दुसरा मला माहीत नाही.

साठा खरंच संपला की नाही, याची खात्री अजून एकाच रीतीने होते. माणसाने गोळ्या थांबवायच्या. स्वेच्छेने पुढे आलेले लोक हे करतात. ठरावीक दिवसांनी रक्त द्यायचं, आकडा बघायचा, विषाणू ठरलेल्या मर्यादेवर गेला की पुन्हा गोळ्या सुरू. त्यातल्या बहुतेकांना ठाऊक असतं की या खेपेला तो परतणारच आहे. तरीही ते रक्त द्यायला येतात, आणि तो किती दिवसांनी परतला, मारक पेशींनी त्याला किती काळ थोपवला, हे आपल्याला त्यांच्यामुळेच कळतं.