फोनवर आलेला निकाल आणि कागदावरचा निकाल

श्रोतेहो, नमस्कार.

२८ जुलै २०२५ ची रात्र शिरोळ तालुक्यात कुणी विसरलेलं नसेल. नांदणीच्या जैन मठातली महादेवी हत्तीण त्या रात्री कोर्टाच्या आदेशानं गाव सोडून गुजरातमधल्या 'वनतारा' प्राणी केंद्राकडे निघाली आणि अख्खं गाव रडलं. पुढच्या रविवारी, ३ ऑगस्टला, हजारो माणसं नांदणीहून कोल्हापूरपर्यंत मूक चालत आली. त्या दिवसांत माझ्याकडे कुठल्याही कामासाठी आलेला माणूस शेवटी एकच विचारायचा, "वकीलबाई, सुप्रीम कोर्टानं आमचं ऐकलं का नाही?"

त्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायला मला प्रत्येक वेळी अर्धा तास लागला. तेच उत्तर आज तुमच्यासमोर मांडते, कारण ते फक्त हत्तिणीपुरतं नाही. दिल्लीहून निकाल येतो आणि अर्ध्या तासात तो आपल्या फोनवर एका ओळीचा होतो. 'सुप्रीम कोर्टाचा दणका', 'याचिका फेटाळली', 'मोठा दिलासा'. पण त्या ओळीत कोर्टापुढे नेमका प्रश्न कोणता होता, हे कधीच नसतं.

हत्तिणीच्या प्रकरणात कारणं देऊन निकाल दिला होता तो मुंबई उच्च न्यायालयानं, १६ जुलैला. परंपरा आणि प्राण्याचं हित समोरासमोर आलं तर प्राण्याचं हित पुढे, अशी त्या निकालाची दिशा होती. त्याविरुद्ध मठ दिल्लीला गेला. राज्यघटनेच्या अनुच्छेद १३६ खाली अशी जी याचिका होते, तिला विशेष अनुमती याचिका म्हणतात. म्हणजे आधी अपील करायची परवानगी मागायची. ती मिळाली तर अपील चालतं. नाही मिळाली तर खालचा निकाल कायम. मठाला ती मिळाली नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००० साली एका निकालात हे स्पष्ट करून ठेवलं आहे: कारणं न देता अशी याचिका फेटाळली, तर खालच्या निकालातल्या प्रत्येक मतावर आम्ही शिक्का मारला असं समजू नका. म्हणून महादेवीबद्दल काय ठरलं आणि का ठरलं, हे कळून घ्यायचं असेल तर मुंबईच्या निकालाची पानं उघडावी लागतात. नांदणीच्या माणसांचं दुःख खरं आहे, मी ते जवळून पाहिलं आहे. तरीही तिच्या पायांच्या दुखण्याबद्दल त्या पानांत काय लिहिलंय, हे मोर्चात चालणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मराठीतून असायला हवं होतं. मग मठाची बाजूही जास्त ताकदीनं मांडता आली असती. पुढं नांदणी परिसरातच पुनर्वसन केंद्र करण्याचा प्रस्ताव आला, तोही त्याच दुखण्याच्या प्रश्नाला धरून.

आता टेम्पोवाल्यांची गोष्ट. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण शाहू मार्केट यार्डात गूळ उतरवणारे, पहाटे दुधाचे कॅन गोळा करणारे, शिरोलीच्या एमआयडीसीत सुटे भाग पोचवणारे कितीतरी चालक आज ऐकत असतील. तुमच्या लायसन्सवर 'एलएमव्ही' लिहिलेलं असतं, म्हणजे हलकं वाहन. तुम्ही चालवता पिकअप. तो हलकाच असतो, पण माल वाहतो. अपघात झाला की विमा कंपनी म्हणायची, चालकाच्या लायसन्सवर ट्रान्सपोर्टची वेगळी नोंद नाही, सबब आम्ही जबाबदार नाही. मृताची बायको मोटार अपघात न्यायाधिकरणात वर्षानुवर्षं तारखा घेत बसायची. चालकाची चूक गाडी चालवण्यात असो वा नसो, दावा अडायचा तो लायसन्सवरच्या एका शब्दावर.

२०१७ साली तीन न्यायमूर्तींनी सांगितलं होतं की वेगळी नोंद लागत नाही. विमा कंपन्यांना ते मान्य नव्हतं, म्हणून प्रश्न पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे गेला. ६ नोव्हेंबर २०२४ ला घटनापीठानं एकमतानं निकाल दिला: एलएमव्हीचं लायसन्स असेल तर ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू किंवा प्रवासी वाहनही चालवता येतं. हे ७,५०० किलो रिकाम्या गाडीचं वजन नव्हे बरं का. नोंदणीच्या कागदावर माल धरून जे एकूण वजन दिलेलं असतं, ते. उसाच्या दहाचाकी ट्रकला हा निकाल उपयोगाचा नाही, आणि धोकादायक रसायनं वाहणाऱ्या गाडीचे नियम वेगळेच राहतात. मला या निकालात सगळ्यात भावलेली गोष्ट वेगळी आहे. असे चालक जास्त अपघात करतात, असं म्हणणाऱ्यांना तसा आकडेवारीचा पुरावा न्यायालयापुढे ठेवता आला नाही, आणि न्यायालयानं ते निकालात लिहून ठेवलं. ज्यांचे दावे अजून चालू आहेत, त्यांनी आपल्या वकिलांना या निकालाबद्दल जरूर विचारावं.

बरोबर एका वर्षानं, ६ नोव्हेंबर २०२५ ला, आणखी एक निकाल आला. मुंबईतल्या एका मोटार अपघाताच्या खटल्यातून तो निघाला, पण लागू आहे देशातल्या प्रत्येक अटकेला. अटकेची कारणं लेखी द्यायची, आणि अटक झालेल्याला कळेल त्या भाषेत द्यायची. जागेवरच लिहून देणं शक्य नसेल तर तोंडी सांगायचं, पण रिमांडसाठी मॅजिस्ट्रेटपुढे उभं करण्याच्या किमान दोन तास आधी लेखी कागद हातात पडला पाहिजे. नाही पडला तर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा ठरतात. अनुच्छेद २२ मध्ये कारणं सांगण्याचा हक्क घटना झाली तेव्हापासून आहे. 'सांगितलं' म्हणजे काय, यावर मात्र वाद घालत आम्हा वकिलांची निम्मी कारकीर्द गेली. स्टेशन डायरीत ओळ असायची, 'कारणे समजावून सांगितली', आणि खाली सही किंवा अंगठा.

आपल्या जिल्ह्यात 'कळेल ती भाषा' हे शब्द फार मोलाचे आहेत. गोकुळ शिरगाव, कागल, शिरोलीच्या फाउंड्र्यांत बिहार, ओडिशाकडची मुलं भट्टीवर काम करतात. सीमाभागात घरात कानडी बोलणारी माणसं आहेत. अशा मुलाच्या हातात मराठीत टाइप केलेला कागद देऊन सही घेतली, तर ती या निकालाप्रमाणे पुरेशी नाही. मी हे पोलिसांच्या विरोधात बोलत नाही. नीट दिलेला कागद प्रामाणिक तपास अधिकाऱ्यालाही वाचवतो. घरातलं कुणी पकडलं गेलं तर धावाधाव करताना सगळ्यात आधी तेवढं विचारा: कारणांचा कागद दिलाय का, कुठल्या भाषेत दिलाय, आणि किती वाजता?

तुरुंगाच्या आतलाही एक निकाल आहे. ३ ऑक्टोबर २०२४ चा. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत कामं जातीवर वाटली जात होती. स्वयंपाक कुणी करायचा, संडास कुणी साफ करायचे, हे जातीवरून ठरायचं. एका महिला पत्रकारानं हे शोधून मांडलं आणि तीच याचिका घेऊन न्यायालयात गेली. न्यायालयानं असे नियम रद्द केले, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला, आणि नियमावल्या बदलायला राज्यांना तीन महिने दिले. त्याच निकालात भटक्या-विमुक्तांबद्दल लिहिलं आहे. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जन्मानंच गुन्हेगार ठरवलेल्या जमाती, त्यांच्या माथ्यावरचा तो शिक्का कायदा गेला तरी 'सराईत गुन्हेगार' अशा शब्दांआडून कसा टिकला, आणि पोलिसांनी या माणसांना मनमानी अटक करू नये, हे त्यात आहे.

हे वाचताना कोल्हापूरच्या माणसाला राजर्षी शाहू महाराज आठवल्यावाचून राहत नाहीत. या करवीर संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड यांना रोज गावच्या चावडीवर हजेरी द्यावी लागायची. महाराजांनी १९१८ साली ती हजेरी बंद केली. शंभराहून जास्त वर्षांनी देशाचं सर्वोच्च न्यायालय त्याच अपमानाबद्दल पानंच्या पानं लिहितं आहे. कळंब्याच्या कारागृहाच्या भिंतीजवळून जाताना मला दर वेळी या दोन तारखा एकत्र आठवतात.

आरक्षणाच्या निकालाबद्दल बोलायलाच हवं, कारण त्याच्याइतका चुकीचा पसरलेला दुसरा निकाल मी पाहिला नाही. १ ऑगस्ट २०२४. सात न्यायमूर्ती, सहा विरुद्ध एक. प्रश्न पंजाबमधून आला होता. अनुसूचित जातींच्या आरक्षणात आतल्या जास्त मागे राहिलेल्या जातींसाठी राज्याला वेगळा वाटा ठेवता येतो का? २००४ चा निकाल म्हणत होता नाही. सातांपैकी सहा जण म्हणाले, येतो. पण राज्यानं आकडेवारीनं सिद्ध करायचं, आणि तो निर्णय न्यायालयात तपासला जाणार. राज्यानं वर्गीकरण केलंच पाहिजे, असं निकाल म्हणत नाही. आपल्याकडे मातंग समाजाची अ-ब-क-ड वर्गवारीची मागणी जुनी आहे, तिला या निकालानं घटनात्मक आधार मिळाला, इतकं म्हणता येईल.

आणि फोनवर काय फिरलं? 'एससी-एसटींना क्रिमी लेयर लागू', म्हणजे त्यांच्यातल्या सुस्थितीतल्यांना आरक्षणातून वगळणार. तसं झालेलं नाही. काही न्यायमूर्तींनी आपल्या निकालपत्रात क्रिमी लेयर असावा असं मत लिहिलं, पण सात जणांपुढचा प्रश्न तो नव्हता. २६ जुलै १९०२ ला मागास वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवणाऱ्या राजाच्या गावात तरी हा फरक घराघरात माहीत असायला हवा. कॉलेजच्या मुलींनी मला घाबरून विचारलं आहे, 'मॅडम, आमची स्कॉलरशिप जाणार का?' त्या भीतीला जबाबदार निकाल नव्हता, तो न वाचता पुढे ढकलणारे होते.

दोन निकाल थोडक्यात. १३ नोव्हेंबर २०२४ ला न्यायालयानं बुलडोझरच्या कारवायांवर बंधनं घातली. पंधरा दिवसांची नोटीस, म्हणणं मांडायची संधी, पाडकामाचं चित्रीकरण, आणि नियम मोडला तर अधिकाऱ्याच्या खिशातून भरपाई. आरोपी आहे म्हणून घर पाडता येणार नाही. पण रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्गालगत किंवा नदीपात्रालगतच्या सार्वजनिक जागेवरच्या बेकायदा बांधकामाला हे संरक्षण नाही. पंचगंगेच्या काठावर राहणाऱ्यांनी हे वाक्य लक्षात ठेवावं. दुसरा निकाल १५ एप्रिल २०२५ चा, अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीचा. मराठीखाली उर्दूत नाव लिहिलं होतं, माजी नगरसेविकेनं हरकत घेतली. मराठी पाटी कुणी काढली नव्हती, तिच्या जोडीला उर्दू चालते इतकंच न्यायालयानं सांगितलं. भाषा म्हणजे धर्म नव्हे, असं लिहिणारी ती पानं शाळेत वाचून दाखवावीत इतकी सुंदर आहेत.

सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर अनेक निकालांचे मराठी अनुवाद आता मिळतात. सगळ्यांचे नाहीत, आणि कायद्याच्या दृष्टीनं इंग्रजी प्रतच खरी मानतात. पण समजून घ्यायला मराठी पुरते. वाचताना पहिली पानं घाईनं चाळू नका. 'आमच्यापुढे प्रश्न असा आहे' अशा अर्थाचं वाक्य येतं तिथं थांबा. मग शेवटच्या दोन पानांतला आदेश वाचा. मधलं नंतर, सवडीनं.

१८ ऑगस्ट २०२५ पासून भाऊसिंगजी रोडवर, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांचं. त्यासाठी या शहरानं चार दशकं आंदोलन केलं. आधी माझे पक्षकार रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडायचे, मुंबईत तारीख पुढं गेली की तसेच परत यायचे, आणि निकाल लागला तर फोनवर 'झालं' किंवा 'गेलं' एवढंच कळायचं.

परवा राधानगरी तालुक्यातले एक आजोबा आदेशाची नक्कल घेऊन माझ्याकडे आले. निकाल काय लागला ते त्यांना माहीत होतं, थोडी जमीन राहिली होती, थोडी गेली होती. म्हणाले, "पोरी, गेली ती का गेली तेवढं वाचून दाखव." आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. मी एकेक परिच्छेद मराठीत सांगत गेले, त्यांनी दोनदा थांबवून परत विचारलं. अकराव्या पानावर त्यांच्या वडिलांच्या नावचा जुना फेरफार आला, तिथं त्यांनी पान दुमडायला लावलं. मग नक्कल पिशवीत घालून ते एसटी स्टँडकडे निघाले.

नमस्कार.