नेटवर्क गेलं की रस्ता कोण सांगणार? सायकल सहलीसाठी ऑफलाइन नकाशे

(फोन हातात, स्क्रीन कॅमेऱ्याकडे)

नमस्कार मंडळी! हा फोन एअरप्लेन मोडवर आहे. डेटा बंद, वायफाय बंद. तरी बघा, ठिपका आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलाय आणि अगदी बरोबर आलाय. जीपीएसला नेटवर्क लागतच नाही. सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवरून उपग्रह सिग्नल पाठवत असतात, फोन तो नुसता ऐकतो. नेटवर्क असलं तर कुठला उपग्रह आत्ता कुठे आहे ही माहिती फोनला चटकन मिळते. नसलं तर तीच माहिती उपग्रहाकडून हळूहळू गोळा करावी लागते, म्हणून पहिला ठिपका यायला अर्धा मिनिट, कधी दोन-तीन मिनिटं जातात. झाडाखालून बाहेर या, मोकळ्या आभाळाखाली उभ्या राहा, येतो.

तेव्हा ठिपक्याची काळजी सोडा. ठिपक्याखाली नकाशा आहे का, आणि त्या नकाशावर सायकलचा रस्ता कोण काढून देणार, हे दोन प्रश्न खरे. आणि ते दोन आहेत, एक नाही! "मी नकाशा डाउनलोड केलाय" असं सांगून निघालेली माणसं पहिल्या चुकलेल्या वळणावर अडकतात, कारण नकाशाचं चित्र फोनमध्ये असतं, पण रस्ता काढण्याचं काम अजून दूरच्या सर्व्हरवर चाललेलं असतं.

गूगल मॅप्सचंच बघा. त्यात तुम्ही एखादा भाग ऑफलाइन उतरवून घेऊ शकता, शोधही चालतो. पण नेटवर्क नसताना ते फक्त गाडीचा रस्ता सांगतं. चालण्याचा नाही, सायकलचा नाही. आणि गाडीच्या रस्त्याला मोठा रस्ता आवडतो. कोकणात तो तुम्हाला ओढून ओढून मुंबई-गोवा महामार्गावर नेणार. पुण्याकडे जाताना द्रुतगती मार्गावर, जिथे सायकलला मुळात बंदी आहे. हॉटेल, दवाखाना, दुकान शोधायला मी ते फोनमध्ये ठेवते. रस्ता त्याला विचारत नाही.

रस्त्यासाठी मी ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारी अ‍ॅप वापरते. ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला, लोकांनी लोकांसाठी काढलेला नकाशा. कुणीही त्यात भर घालू शकतं, त्याचा डेटा कुणीही वापरू शकतं. त्यामुळे अ‍ॅप वेगवेगळी दिसली तरी पोटात नकाशा तोच असतो.

नवख्या माणसाला मी ऑरगॅनिक मॅप्स सांगते. मोफत, जाहिराती नाहीत, महाराष्ट्र एकदा उतरवला की शोधणं, सायकलचा रस्ता, वळणावळणाची सूचना, सगळं फोनमध्येच होतं. वाट चुकलात तरी नवा रस्ता तिथल्या तिथे काढून देतं. रस्ता काढल्यावर खाली चढ-उताराची रेघ दिसते, ती नीट बघत जा.

ज्यांना खोलात जायचंय त्यांनी ऑसमअँड घ्यावं. ते शिकायला वेळ लागतो, पहिल्या दिवशी डोकं उठतं. पण सायकलसाठी काय टाळायचं, चढ चालेल की नको, हे त्याला सांगता येतं. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरच्या मोफत आवृत्तीत सात डाउनलोडची मर्यादा आहे, समोच्च रेषांना, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांना, पैसे पडतात. अँड्रॉइडवाल्यांनी त्याच्या जोडीला बीराउटर टाकावं. हे अ‍ॅप फक्त रस्ता काढण्याचं काम करतं, तेही ऑफलाइन, आणि चढ हिशेबात धरून. कोकणात याची किंमत कळते. आपला सागरी रस्ता नकाशावर किनाऱ्याकिनाऱ्याने सपाट पळताना दिसतो. प्रत्यक्षात काय? गाव समुद्राच्या पातळीला, मग सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, शंभरेक मीटर चढ, पुन्हा खाली खाडीला, पुन्हा वर. दिवसभर हेच! ५० किलोमीटर म्हणजे ५० किलोमीटर नव्हेत.

चढाचे आकडे मात्र हातचं राखून घ्या. यातली बरीचशी उंची एंडेव्हर अवकाशयानाने फेब्रुवारी २००० मध्ये रडारने मोजलेल्या माहितीवरून येते. ती जमिनीची उंची आहे, रस्त्याची नव्हे. डोंगर कापून रस्ता नेला असेल किंवा खाली दरी आणि वर पूल असेल, तिथे आलेख उगाच दातेरी होतो आणि एकूण चढ फुगतो. मी आकड्यापेक्षा आकार बघते. लांब सलग चढ कुठे आहे आणि दुपारी बारा वाजता मी तिथे असेन का.

आता खाड्या. (नकाशा पूर्ण पडद्यावर) हे हरिहरेश्वर, हा बागमांडला, आणि पलीकडे वेसवी. मध्ये सावित्रीची खाडी. इथे फेरीबोट आहे, लोक जंगल जेट्टी म्हणतात. सायकल सहज चढते. दाभोळहून धोपाव्याला तशीच, तवसाळहून जयगडला तशीच. नकाशात ही बोट पाण्यावरच्या तुटक रेषेने दिसते. रेषा दिसली म्हणजे झालं असं नाही. ती दोन्ही टोकांना रस्त्याला जोडलेली हवी आणि अ‍ॅपमध्ये 'फेरी टाळा' हा पर्याय बंद हवा. नाहीतर दाभोळला उभं राहून समोर धोपावे दिसत असताना अ‍ॅप तुम्हाला चिपळूणवरून फिरवून आणेल! घरी असतानाच दाभोळ ते गुहागर रस्ता काढून बघा. अंतर अवाच्या सवा आलं की समजा, बोट धरलेली नाही. शेवटची बोट किती वाजता, हे कुठल्याच नकाशाला विचारू नका. आदल्या मुक्कामी घरमालकांना विचारा. पावसाळ्यात घाट चालू आहे का, हेही माणसालाच विचारायचं. वरंध घाटात दरड आली की नकाशात काहीही बदलत नाही.

सगळ्या जेट्ट्या, मुक्काम आणि सायकल दुरुस्तीची दुकानं मी घरूनच खुणा करून ठेवते. ऑफलाइन शोध स्पेलिंगच्या बाबतीत फार अडून बसतो. वेसवी, वेश्वी, वेशवी, रोमन लिपीत एका गावाची तीन रूपं होतात आणि घामेजल्या बोटांनी तिन्ही टाइप करण्याची ती जागा नव्हे.

ठरवलेला रस्ता जीपीएक्स फाइलमध्ये, म्हणजे रस्ता साठवायच्या फाइलमध्ये, काढून दोन फोनमध्ये टाका, एक तुमचा, एक सोबतिणीचा. बॅटरीचं म्हणाल तर स्क्रीन आणि नेटवर्कचा शोध या दोन गोष्टी ती खातात. सड्यावर रेंज नसते तेव्हा फोन टॉवर शोधत राहतो, म्हणून मी एअरप्लेन मोडवरच चालवते, स्क्रीन बंद, वळणाची सूचना आवाजात. पावसात तर स्क्रीनचं नावच नको. थेंब पडला की फोनला वाटतं बोट लागलं, नकाशा भलतीकडे सरकतो. बटणांचा सायकल कॉम्प्युटर, म्हणजे हँडलवर बसवायचं रस्ता दाखवणारं छोटं यंत्र, परवडत असेल तर पावसात तो खरा.

आणि आता एका पाखाडीची, म्हणजे कोकणातल्या पायऱ्यांच्या पायवाटेची, गोष्ट. गुहागर तालुक्यातली, वाडीचं नाव सांगत नाही. आम्ही तिघी, संध्याकाळचे साडेपाच, मुक्काम खाली किनाऱ्यावर. मी अ‍ॅपमध्ये 'सर्वात जवळचा रस्ता' निवडून ठेवला होता. अ‍ॅपने सांगितलं, डावीकडे वळा. वळलो. आधी लाल मातीची वाट, मग दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, आणि मग पायऱ्या. जांभ्याच्याच, शेवाळलेल्या, एकेक पायरी गुडघ्याएवढी. मागे वळवायला जागा नाही. पॅनियर, म्हणजे सायकलला अडकवलेल्या सामानाच्या पिशव्या, काढून हातात घेतले, एकीने हँडल धरायचं, एकीने मागून सॅडल, तिसरीने सामान. वरच्या घरातल्या आजी अंगणातून म्हणाल्या, "अगं पोरींनो, ही पाखाडी आहे, गाडीरस्ता शाळेवरून जातो!" तीन सायकली उतरवायला पाऊण तास लागला आणि माझ्या मैत्रिणीच्या सायकलचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, वाकला.

नकाशात ती पाखाडी नुसती 'वाट' होती. वाटेवरून सायकल जाते, पायऱ्यांवरून जात नाही, हा फरक अ‍ॅपला कळतो, पण नोंदीत पायऱ्या लिहिलेल्या असतील तरच. तेव्हापासून मी दोन गोष्टी करते. 'सर्वात जवळचा' कधीही निवडत नाही. आणि रस्ता काढल्यावर तो बोटाने पूर्ण सरकवून बघते. जाड रेघ सोडून बारीक तुटक रेघ कुठे लागते का, लागली तर तिथे मध्ये एक थांबा टाकून रस्ता डांबरीवरून ओढून घेते. वीस मिनिटांचं काम आहे, आदल्या रात्री जेवणानंतर होतं.

घरी आल्यावर मी ओपनस्ट्रीटमॅपवर खातं उघडलं आणि ती पाखाडी पायऱ्या म्हणून नोंदवली, शाळेकडचा रस्ता वाडीपर्यंत जोडला. अ‍ॅपमधला नकाशा लगेच बदलत नाही, पुढची आवृत्ती येईपर्यंत थांबावं लागतं आणि ती आपण उतरवून घ्यावी लागते. निघण्याआधी नकाशे ताजे करायचे ते यासाठी. (फोन पुन्हा कॅमेऱ्याकडे) हे बघा, कालच उतरवलाय. तीच वाडी, तोच किनारा, 'सर्वात जवळचा रस्ता' मुद्दाम निवडलाय, एअरप्लेन मोड अजून चालू आहे. आता कुठून नेतंय बघा... शाळेवरून!