बैठकीला कोण जातं?

नमस्कार मंडळी, चहा झाला का? आज जरा शाळेबद्दल बोलू, आणि आमच्या म्हणजे रेडिओवाल्यांच्या चुकीबद्दल पण. कसंय ना, दहावीचा निकाल लागला की आम्ही लगेच माईक घेऊन शाळेत पहिल्या आलेल्या पोरीच्या घरी, पेढे बिढे, आणि मग वर्षभर शाळेकडे फिरकायचं नाव नाही.

मागच्या पावसाळ्यात एका वस्तीवरच्या झेडपी शाळेत गेले होते रेकॉर्डिंगला. पट 14. गुरुजी एकच, आणि ते पोरांना बेरजा देऊन व्हरांड्याच्या टोकाला मोबाईल वर धरून रेंज शोधतायत, का तर कसलीशी माहिती 12 च्या आत ऑनलाइन भरायची होती. आता 2009 चा आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा म्हणतो 60 पोरांपर्यंत 2 शिक्षक. असो. त्यात 2023 ला सरकारने 20 पेक्षा कमी पटाच्या शाळांची मिळून एक समूह शाळा करायचे प्रस्ताव मागवले, नमुना म्हणून पानशेत आणि तोरणमाळच्या समूह शाळा. कागदावर छानच दिसतं हो, मोठी शाळा, जास्त शिक्षक, गाडीची सोय, पण मधला ओढा कागदावर नसतो ना.

त्याच दिवशी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक होती. समितीत 75 टक्के पालक आणि एकूण निम्म्या बायका पाहिजेत, हे पण कायद्यातच आहे. आल्या होत्या दोघी. मागच्या बाकावर बसल्या, बैठकभर एक शब्द नाही, सह्या केल्या. मी रेकॉर्डर बंद करून पिशवीत टाकला आणि चप्पल घालतेय तर एक जण हळूच म्हणाली, "ताई, ओढ्याला पाणी आलं की पोरगी घरीच ठेवते मी, आता शाळा अजून लांब गेली तर कसं?" झालं! खरी बातमी ती, आणि ती रेकॉर्डच नाही.

2020 ला शाळा बंद होत्या तेव्हा नागपूर आकाशवाणीवर 'शाळेबाहेरची शाळा' लागायची, आठवतंय का कुणाला? तेव्हा रेडिओ पोरांशी बोलला, चांगलंच केलं. आता पोरांच्या घरच्यांनी बोलायचं आणि आम्ही ऐकायचं, असं ठरवलंय.

तर तुमच्या शाळेची बैठक कधी आहे ते कळवा, मी येऊन मागच्या बाकावर बसेन. पण त्याआधी ओढ्याकडे जाऊन येते, त्या ताईंनी हो म्हटलंय, यावेळी रेकॉर्डर चालू ठेवून. गमबूट घेतलेत नवीन. चला, तोवर गाणं ऐका.