कापलेले सेकंद

[दृश्य: अरुंद गल्ली, खेळणारी मुलं. चित्र मध्येच थांबतं.]

कराचीतली एक गल्ली. मुलं क्रिकेट खेळतायत. मोटरसायकलवरून दोघं येतात, एका लहानग्याला उचलतात आणि निघून जातात. बाकीची मुलं मागे धावतात.

मूळ फीत इथे संपत नाही. मोटरसायकल वळून परत येते, मुलाला खाली उतरवलं जातं, आणि त्या दोघांतला एक जण फलक उघडून दाखवतो. आपल्या मुलांवर लक्ष ठेवा, असा त्याचा अर्थ. बेपत्ता मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेची ही जनजागृतीची फीत होती.

तिचे शेवटचे सेकंद कुणीतरी कापले. २०१८ च्या उन्हाळ्यात ही अर्धवट फीत भारतभर फोनांवर फिरली, खऱ्याखुऱ्या अपहरणाचा पुरावा म्हणून. अशा फितींसोबत भाषा बदलली तरी मजकूर साधारण तोच असायचा: मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे, सावध राहा, सगळ्यांना पाठवा.

[दृश्य: नकाशा. धुळे जिल्हा.]

१ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची काही माणसं तिथे आली होती. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी, पिढ्यान्पिढ्या हेच करत आलेली. जमावाला ती टोळी वाटली. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारलं. पाच जण गेले.

दोन महिन्यांच्या आत, २९ ऑगस्टला, मेक्सिकोतल्या पुएब्ला राज्यात, अकात्लान नावाच्या गावात तीच अफवा पोहोचली. पोलीस ठाण्यासमोर गर्दी जमली. आत असलेल्या दोघांनी कुणाचंही मूल पळवलेलं नाही, असं पोलीस सांगत होते. गर्दीतला एक जण फेसबुकवर थेट प्रक्षेपण करत लोकांना बोलावत होता. दोघांना बाहेर ओढून जाळण्यात आलं. त्यातल्या तरुणाची आई अमेरिकेत होती. तिने ते आपल्या फोनवर पाहिलं.

या दोन गावांत ना भाषा सारखी, ना माणसं. अफवा मात्र तीच.

[दृश्य: फोनचा पडदा, एकामागून एक येणारे संदेश.]

दोन्हीकडे अटका झाल्या, खटले उभे राहिले. ज्यांनी हात उचलला, त्यांना कायद्याने शोधलं. पण ज्यांनी फक्त संदेश पुढे पाठवला, त्यांचं काय? त्यांनी कुणाला बोटही लावलं नाही. बहुतेकांच्या मनात काळजीच असणार. नात्यातली, शेजारची लेकरं सुरक्षित राहावीत एवढीच. 'जसं आलं तसं पाठवतोय' अशी ओळही अनेक जण वर जोडतात. ही ओळ निरागस आहे, असं मला वाटत नाही. आपण खातरजमा केलेली नाही, याची तिथे लेखी कबुलीच असते. तरीही पाठवलेलं असतं.

आधी कंपन्यांचा वाटा पाहू, कारण तो लहान नाही. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतापुरता नियम आणला: एक संदेश एका वेळी फक्त पाच चॅटना पुढे पाठवता येईल. जानेवारी २०१९ पासून तो जगभर लागू झाला. एप्रिल २०२० मध्ये आणखी घट्ट केला. जो संदेश आधीच अनेक हातांतून आलाय, तो एका वेळी एकाच चॅटला. कंपनी म्हणते, त्यानंतर अशा संदेशांचं पुढे जाणं ७० टक्क्यांनी घटलं. आकडा त्यांचा स्वतःचा आहे, पण कारण पटण्याजोगं आहे: मजकूर तोच, माणसं तीच, फक्त बोटाला थोडे जास्त कष्ट. म्हणजे आधी ते कष्ट कुणीतरी ठरवून कमी केले होते.

एवढ्यावर दोष कंपन्यांवर ढकलून मोकळं होता आलं असतं. पण २०१८ मध्येच मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांचा अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात आला. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्या त्यांनी तपासल्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त निघाली. स्वयंचलित खाती बाजूला काढून पाहिलं, तरी चित्र तेच राहिलं. खोटं पळवत होती ती माणसंच. संशोधकांना दिसलेलं एक कारण असं, की खोट्यात नवलाई जास्त असते.

आणि मग आपण व्हॉट्सॲपच्या त्या गटात बसलेले असतो, जिथे दोनशे जण आहेत. संदेश येतो. निदान दहा जणांना शंका येते. दहाही जण गप्प.

[दृश्य: कृष्णधवल छायाचित्रं. प्रयोगशाळा, ध्वनियंत्र.]

या गप्प बसण्याचा अभ्यास फोन खिशात येण्याच्या कितीतरी आधी झालाय. १९६८ मध्ये जॉन डार्ली आणि बिब लटाने या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून ध्वनियंत्रावरून संभाषण सुरू केलं. मध्येच एका आवाजाला झटका आल्यासारखं ऐकू येतं. आवाज ध्वनिमुद्रित होता, ऐकणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. आपण एकटेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के जण तो आवाज बंद होण्याआधीच मदतीला उठले. आणखी चौघं ऐकतायत असं वाटणाऱ्यांत फक्त ३१ टक्के. न उठलेले निर्दय नव्हते. अनेकांचे हात थरथरत होते. उठावं की नाही, या पेचात ते अडकले होते; आणखी कुणी ऐकतंय म्हटल्यावर जबाबदारी एकट्याची उरत नव्हती.

गटात त्यात आणखी एक अडचण असते, संस्कारांची. संदेश टाकणारे काका असतात, मावशी असतात, शाळेतले सर असतात. चारचौघांत त्यांना चुकीचं कसं म्हणायचं? वडीलधाऱ्यांचा मान राखायला आपण शिकलोय, आणि ते शिक्षण वाईट नाही. पण मान आणि खरं यांत निवड करावीच लागते, हे मला मान्य नाही. आधी खासगीत लिहिता येतं: 'काका, हा व्हिडिओ अर्धाच आहे. पूर्ण पाठवतोय, एकदा बघाल का?'

बहुतेक जण इथेच थांबतात. काकांना कळलं, विषय संपला. गटातल्या बाकीच्यांना मात्र काही कळलेलं नसतं. 'सर्वांसाठी डिलीट करा' हे बटण दाबलं तर संदेश त्या चॅटमधून जातो. दरम्यान कुणी तो पुढे नेला असेल, तर त्या प्रती तशाच राहतात. म्हणून दुसरी विनंतीही करावी लागते: 'काका, तुम्हीच गटात एक ओळ लिहाल का? तुमचं ऐकतील.' ज्यांनी संदेश पुढे नेला, त्यांनीही तीच ओळ आपापल्या गटांत टाकायची. सोबत पूर्ण फीत जोडायची, कुठली आणि कशासाठी केलेली तेही लिहायचं.

काही जण रागावतात. एखादा गटही सोडतो. काका बहुतेक वेळा लिहितात.