मिरीची भावकी

(दृश्य: पितळी तबकात मांडलेलं विड्याचं साहित्य)

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत मंगलकार्य म्हटलं की विडा आलाच. त्यातून त्रयोदशगुणी विडा असेल, तर जिन्नस तेरा: पान, सुपारी, चुना, कात, लवंग, वेलदोडा, जायफळ, जायपत्री, केशर, खोबरं, बदाम, कापूर आणि कंकोळ. यातला कंकोळाचा दाणा उचलून बघा. काळ्या मिरीसारखाच सुरकुतलेला, फक्त मागे देठासारखी बारीक शेपटी. हा मिरीचा सख्खा भाऊबंद. आणि ज्या पानात तो घालायचा, ते पानही त्याच घराण्यातलं!

या घराण्याचं नाव पायपर. ही प्रजाती (जीनस), म्हणजे जवळच्या जातींचा गट. १७५३ साली लिनीयस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने ‘स्पीशीज प्लांटारम’मध्ये मिरी, पिंपळी आणि नागवेल या तिघींना हेच प्रजातिनाम दिलं. आज या प्रजातीत दोन हजारांच्या आसपास जाती मोजल्या जातात.

(दृश्य: मिरीच्या वेलीचं एक पेर, अगदी जवळून)

या घराण्याची खूण कुठे शोधायची? पेरावर. बहुतेक झाडांना फुलोरा येतो तो पानाच्या बगलेत किंवा शेंड्याला. इथे कणिस लोंबतं ते पानाच्या बरोबर समोरच्या बाजूला. त्यावर दाटीने बसलेली फुलं इतकी साधी, की त्यांना ना पाकळ्या, ना निदलं. मिरीचे दाणे कणसावर सुटे, बिनदेठाचे. पिंपळीत मात्र ते मांसल दांड्यात रुतून एकजीव होतात, म्हणून काष्ठौषधींच्या दुकानात आपल्या हातात पडतं ते अख्खं कणिसच. बाळंतिणीला देतात ते पिंपळमूळही याच वेलीचं.

मिरी सह्याद्रीच्या दक्षिण टोकाची, केरळच्या पावसात वाढणारी. ग्वाल्हेरच्या लूमध्ये तिचा टिकाव लागायचा नाही. पण तिची बहीण नागवेल आपल्याच जिल्ह्यात, बिलौआला, पिढ्यान्‌पिढ्या लावली जाते. इथे पानमळ्याला बरेजा म्हणतात. वरून आणि चारी बाजूंनी गवताकाडीने झाकलेला मांडव, आत सावली आणि ओल. ही मेहनत पाहिली की पानाची किंमत कळते. नागवेलीत नर वेल निराळी, मादी वेल निराळी. पण लागवड होते ती वेलीचे तुकडे लावून, बियांवर कोणी विसंबत नाही.

(दृश्य: नागवेलीच्या खोडाची पातळ चकती, सूक्ष्मदर्शकाखाली)

आता खोडाच्या आत जाऊ. शाळेत शिकवतात, की द्विदल झाडाच्या खोडात वाहिन्यांचे जुडगे एका वर्तुळात असतात आणि एकदलात विखुरलेले. इथे बाहेर एक वर्तुळ आहे, आणि आत गाभ्यातही जुडगे आहेत. बेंथॅम आणि हूकर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकात मिरीचं हे कुल द्विदलांत घातलं, बीजात भ्रूण अगदी चिमुकला असतो अशा गटात. त्याच गटात त्यांनी जायफळही ठेवलं होतं. नजर पक्की होती त्यांची! पुढे डीएनए हाताशी आला, आणि १९९८ सालच्या ‘एपीजी’ (अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या गटाच्या) वर्गीकरणापासून चित्र पालटत गेलं. मिरी, जायफळ, दालचिनी, तमालपत्र, सीताफळ, सोनचाफा ही सगळी मंडळी धड एकदलही नाहीत आणि खऱ्या द्विदलांतलीही नाहीत. फुलझाडांची ती एक स्वतंत्र, प्राचीन शाखा आहे: मॅग्नोलिड.

या नजरेने पुन्हा विड्याकडे बघा. पान, कंकोळ, जायफळ, जायपत्री: मॅग्नोलिड. सुपारी, वेलदोडा, केशर, खोबरं: एकदल. लवंग, कात, बदाम: खरे द्विदल. फुलझाडांच्या तिन्ही मोठ्या शाखा एका विड्यात! मला तरी याहून सुंदर वर्गीकरणाचा धडा माहीत नाही.

मिरची या भावकीत नाही. ती अमेरिकेतून आली, वांग्या-बटाट्याच्या कुलातली. तिचा तिखटपणा कॅप्सेसिनचा, मिरीचा पायपरिनचा. तिरफळ लिंबाच्या कुलातलं. परदेशी बाटल्यांत दिसणारी गुलाबी मिरी तर आंब्याच्या.

नातं कळलं की कामालाही येतं. फायटोफ्थोरा नावाचा रोगकारक मिरीची मुळं आणि बुंधा कुजवतो. पानमळेही त्याच्या तडाख्यातून सुटत नाहीत. दक्षिण अमेरिकेत पाणथळ जागी वाढणारी पायपर कोलुब्रिनम ही त्यांचीच दूरची बहीण या रोगाला दाद देत नाही. म्हणून केरळ-कर्नाटकात तिच्या खुंटावर मिरीची कलमं बांधतात.